अनधिकृत घरांची नोंद : ‘माझा प्रवास’मधील झाशी आणि आजचे पाडकाम

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली संपादून प्रसिद्ध केला. तेव्हापासून मराठी समीक्षेने तो प्रामुख्याने राणी लक्ष्मीबाईंच्या दर्शनासाठी वाचला आहे. त्यापूर्वी १८९४ साली द. ब. पारसनीस यांचे राणीचे चरित्र आले होते, आणि त्या चरित्रदृष्टीचा प्रभाव गोडसे भटजींच्या वाचनावरही राहिला. राणीचा पोशाख, तिचा दिनक्रम, दानधर्म, किल्ल्यावरून निसटणे हे प्रसंग पाठ्यपुस्तकांत गेले. शहर मात्र पार्श्वभूमीला उरले. वैद्यांनी मूळ मजकुरात बरेच फेरफार केले होते आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखिताधारे संहिता सिद्ध केली, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. परंतु दोन्ही संहितांत जे ठळकपणे आहे, त्या झाशीतील घरे, दुकाने व पेठा यांच्या नाशाच्या वर्णनाकडे वाङ्मयीन दृष्टीने क्वचितच पाहिले गेले. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोझचे सैन्य झाशीत शिरले, तेव्हा गोडसे शहरात होते. त्यांनी केलेल्या वर्णनाचा गाभा म्हणजे लुटीचा क्रम. आधी सोने-नाणे, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य. आणि हे सर्व निरनिराळ्या पलटणींकडे वाटून दिलेले. हलवाईपुरा ही संपन्न वस्ती जळाल्याचे ते सांगतात, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाविषयी हळहळतात. या वर्णनात उद्गार थोडे आणि वस्तू फार. कोणत्या घरात काय होते, ते कोणी नेले, केव्हा नेले, हे सांगताना लेखकाची दृष्टी भिक्षुकाची आहे, हे विसरता कामा नये. दक्षिणा मोजण्याची, वस्त्रपात्रांची किंमत ताडण्याची सवय त्या दृष्टीला आहे. जातिभेदाचे संस्कार तिच्यात आहेत आणि खालच्या थरातील माणसांविषयी ती अनेकदा रूक्ष आहे. तरीही याच सवयीमुळे झाशीतील सामान्य घर एखाद्या महाकाव्यातील ‘नगरी’ न होता भांडीकुंडी असलेले घर राहते. सुमारे पाव शतकानंतर आठवून लिहिलेल्या मजकुरात ही यादी टिकून राहावी, हे मला त्या ग्रंथाचे सर्वांत मोठे वाङ्मयीन बळ वाटते. राणीचे चित्र इतरांनीही काढले.

लूट आणि पाडकाम यांत अर्थातच भेद आहे. लूट सूडातून होते, पाडकाम योजनेतून. परंतु १८५७ नंतर हा भेद किती लवकर पुसट झाला, याची उदाहरणे उत्तर हिंदुस्थानात आहेत. दिल्लीत लाल किल्ल्याभोवतीची दाट वस्ती तोफांच्या माऱ्याला मोकळी जागा हवी म्हणून साफ करण्यात आली. लखनौमध्ये रॉबर्ट नेपियरच्या १८५८ च्या आराखड्यानुसार जुन्या शहरातून रुंद रस्ते काढले गेले आणि त्यांच्या वाटेत आलेली घरे गेली. सुरक्षितता, स्वच्छता, रहदारी ही कारणांची भाषा तेव्हा घडली, आणि ती आजही पालिकांच्या दप्तरांत राबते आहे. झाशी शहर १८६१ मध्ये शिंद्यांकडे गेले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात पुन्हा इंग्रजांकडे आले. मधल्या काळात जिल्ह्याचा कारभार शेजारच्या ‘नौआबाद’ येथून चाले. नव्याने वसलेले, असा त्या नावाचा अर्थ. जुने जे होते त्याचे काय, असा प्रश्न नावातच दडलेला आहे.

आज त्याच किल्ल्याला केंद्रीय संरक्षण आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रित आहे. दुरुस्तीलाही परवानगी लागते. हेतू योग्यच आहे. परंतु गोडसे भटजींनी ज्या वस्तीचे जळणे पाहिले, तशाच एखाद्या आळीतील वंशपरंपरागत घरावर वारसाने एक खोली चढवली की ती ‘अनधिकृत’ ठरते. हे विशेषण विटेमातीचा गुण सांगत नाही, कागदाचा अभाव सांगतो. पण वापरताना ते माणसाच्या चारित्र्याला चिकटते.

हे चिकटणे कसे घडते, याचा उत्तम नमुना एका न्यायनिर्णयात सापडतो. मुंबईचे पदपथवासी हटवून त्यांना मूळ गावी पाठवण्याची घोषणा मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी १९८१ मध्ये केली. त्यातून ऑल्गा टेलिस प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी निर्णय दिला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यात मान्य झाले. तरी योग्य कार्यपद्धतीने हटवण्यास मुभा राहिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबायचे होते. कायद्याचे अभ्यासक या निर्णयाचा उदारपणा सांगतात, तो खराही आहे. पण त्याची सुरुवातीची पाने गद्य म्हणून वाचावीत. कुत्री, मांजरे, उंदीर, घाण यांच्या प्रतिमांनी ती भरली आहेत. लेखकाच्या मनात करुणा आहे, पण त्याच्या वाक्यांत किळस आहे. त्या पदपथावर कोणाची चूल कशी मांडली होती, भांडी किती होती, याचा तेथे पत्ता नाही. गोडसे भटजींना सहानुभूती कमी होती, पण त्यांनी भांडी मोजली.

आपल्या कथनपर साहित्याने ही उणीव काही अंशी भरून काढली. जयवंत दळवींच्या ‘चक्र’मध्ये (१९६३) झोपडी आतून दिसते. अण्णा भाऊ साठे तर घाटकोपरच्या चिरागनगरात स्वतःच झोपडीत राहून लिहीत होते. मात्र पाडकामाचा क्षण आला की हे साहित्यही थिटे पडते, असे माझे मत आहे. ‘चक्र’वरील १९८१ च्या चित्रपटात अखेरीस बुलडोझर येतो तो नियतीसारखा, त्यामागे सही करणारा हात दिसत नाही. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात तो हात दिसतो. मराठी कादंबरीत तो अद्याप पुरेसा दिसत नाही. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईला जागतिक दर्जाचे शहर करण्याच्या घोषणांच्या काळातच ८० हजारांहून अधिक झोपड्या पाडल्याचे नोंदले गेले. एवढ्या मोठ्या घटनेवर मराठीत तोलामोलाची कलाकृती नसावी, याचा विचार समीक्षेने करायला हवा होता. आपण त्या काळात देशीवादावर परिसंवाद भरवत होतो.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने पाडकामांविषयी दिलेला निर्णय कवी प्रदीप यांच्या घराविषयीच्या ओळींनी सुरू होतो. चंद्रचूडांच्या प्रतिमांपासून हे अंतर मोठे आहे. निदान पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, पाडकामाचे चित्रीकरण, दोषी अधिकाऱ्याकडून भरपाई हे दंडक त्यात आहेत. पुढे १ एप्रिल २०२५ रोजी न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांनी प्रयागराजमधील पाडलेल्या घरांच्या मालकांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. परंतु २०२४ च्या निर्णयातच एक अपवाद आहे : रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे दंडक लागू नाहीत. म्हणजे ज्याची टपरीच त्याचे दुकान आहे, त्याच्यापुरती ती कविता अर्ध्यावर थांबते.

त्याच्यासाठी २०१४ चा पथविक्रेत्यांविषयीचा कायदा आहे. हटवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी, असे तो सांगतो. आणि माल जप्त केल्यास त्याची यादी करून, जप्त करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी, नाशवंत माल त्याच दिवशी व इतर माल दोन कामकाजी दिवसांत परत करावा, असेही. गोडसे भटजींनी झाशीत मनातल्या मनात जी यादी केली, ती करण्याचे काम आता कायद्याने जप्त करणाऱ्यावरच सोपवले आहे. अशा याद्या प्रत्यक्षात किती होतात, कोणत्या शब्दांत होतात, त्यांत तराजू, स्टोव्ह, ताडपत्री, रोकड यांना काय नावे दिली जातात, हे कोणी गोळा करील तर ते मराठी आणि बुंदेली गद्याच्या अभ्यासाचे साधन ठरेल.