आडवी आकृती, उभी आकृती

अपोलो-१५ मोहिमेचा प्रमुख डेव्हिड स्कॉट याने २ ऑगस्ट १९७१ रोजी, चंद्रावरील हॅडली घळीच्या परिसरात, सुमारे साडेआठ सेंटिमीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची एक मानवाकृती धुळीत आडवी ठेवली आणि शेजारी चौदा दिवंगत अंतराळवीरांची नावे असलेली पट्टी लावली. बेल्जियन कलावंत पॉल फान हुइडोंक याची ही कृती ‘फॉलन अ‍ॅस्ट्रोनॉट’ म्हणून ओळखली जाते. अंतराळसंशोधनात कलेचा प्रवेश झाल्याचा दाखला म्हणून तिचा निर्देश होतो. मात्र चंद्रावर पोचली ती नेमकी कोणाची कृती, हा प्रश्न त्यात झाकला जातो.

हुइडोंकचे म्हणणे असे की, आकृती उभी राहावयाची होती. ती मृतांचे नव्हे, समस्त मानवजातीचे प्रतीक होती. आणि शीर्षक त्याचे नव्हतेच. स्कॉटच्या मते ती प्रथमपासून स्मारकच होती, आणि कलावंताचे नाव गुप्त ठेवण्याचे उभयपक्षी ठरले होते. १९७२ मध्ये तिच्या ९५० स्वाक्षरीयुक्त प्रती प्रत्येकी ७५० डॉलरला विकण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा नासाने आक्षेप घेतला. वादाचा हा व्यापारी भाग तूर्त बाजूला ठेवता येईल.

समीक्षेला सोयीचे उत्तर उपलब्ध आहे: कर्त्याचा हेतू हा अर्थनिर्णयाचा निकष नव्हे. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्येच ते सांगितले. परंतु येथे ते अपुरे पडते, कारण हेतू वगळल्यावर उरणारी ‘कृती’ तरी कोणती? हुइडोंकच्या म्हणण्यानुसार, आकृती स्त्री वा पुरुष म्हणून ओळखू येऊ नये, तिला वंशाची खूणही नसावी, अशी अट होती. चेहरा नाही, हावभाव नाही. अशा आकृतीत अर्थभेद करणारे चिन्ह एकच उरते, ते म्हणजे तिची स्थिती. उभी असेल तर आकांक्षा, आडवी असेल तर मृत्यू. तीच स्थिती दुसऱ्या हाताने ठरवली, आणि पट्टीने तिला पर्याय ठेवला नाही. बार्थ याने लेखकाच्या मृत्यूतून वाचकाचा जन्म कल्पिला होता. येथे जन्मला तो दुसरा लेखक.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे कलाविचाराचे दोन ध्रुव मांडले. शब्दशः पृथ्वीबाहेर गेलेली ही कृती वरकरणी दुसऱ्या ध्रुवाची आदर्श उदाहरण ठरावी: ना प्रेक्षक, ना बाजार, ना उपयोग. प्रत्यक्षात ती पूर्णतः लौकिक कार्याला, शोकाला, जुंपली गेली. यात कलेची हानीच झाली असे म्हणणे घाईचे होईल. सोयुझ-११ चे तीन अंतराळवीर जेमतेम महिन्यापूर्वी, ३० जून १९७१ रोजी, मृत्युमुखी पडले होते. शीतयुद्धाच्या काळात आठ अमेरिकनांशेजारी सहा सोव्हिएत नावे लिहिली गेली, ही पट्टीची नैतिक उंचीच आहे. चेहराहीन आकृतीला जे साधले नसते ते या नावांनी साधले.

मात्र नावे लिहिली की वगळलेली नावेही संहितेचा भाग होतात. १९६१ मध्ये प्रशिक्षणातील आगीत दगावलेला व्हॅलेंटिन बोंदारेन्को तेथे नाही, कारण त्याचा मृत्यू सोव्हिएत शासनाने लपवला होता. १९६७ मध्ये विमान-अपघातात मरण पावलेला रॉबर्ट लॉरेन्स हा अंतराळवीर म्हणून निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. तो हवाईदलाच्या स्वतंत्र लष्करी कार्यक्रमात होता. त्याचेही नाव नाही. वंशाची खूण नसलेल्या आकृतीशेजारी ती यादी आजही तशीच आहे.