शेवटच्या कडव्यातला कवी

भीमजयंतीच्या मिरवणुकीत वाजणारं गाणं कुणी गायलंय, हे गल्लीतली पोरंही सांगतात. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, विठ्ठल उमप ही नावं कॅसेटींनी घरोघर पोचवली. गाणं लिहिलं कुणी, असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. स्वतः लिहायचं, स्वतः चाल बसवायची, उभं राहून गायचं आणि मिळेल त्या बिदागीवर घर चालवायचं, हा ज्यांचा पेशा त्या लोकगायकांचं खरं दुखणं इथं आहे.

वामनदादा कर्डक हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्म. शाळा नाही. मुंबईत पोटामागं आल्यावर, चांगलं मोठेपणी, अक्षरं गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचन पक्कं केलं. १९४३ पासून गाणी सुटू लागली ती २००४ साली डोळे मिटेपर्यंत. सुरुवातीचं गाणं चालत्या हिंदी सिनेमाच्या चालीवर रचलेलं. समीक्षकांनी या उसन्या चालींवर नाकं मुरडली, पण त्यामागं हिशेब होता. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दांवर जातं, आणि दादांना शब्दच पोचवायचे होते. त्यांची ओळ आखूड, शब्द चुलीजवळचा, आणि शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा. ‘तुका म्हणे’सारखी, संतांपासून चालत आलेली ही रीत दादांच्या हातात मालकीची खूण झाली. करारपत्र नसलेल्या कवीनं गाण्यातच केलेली सही!

ही सही नाजूक असते. गाणं आटोपतं घ्यायचं म्हणून शेवटचं कडवं गाळलं, की कवीही गळतो.

शाहीर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या १९४४ च्या लाल बावटा कलापथकामागं कम्युनिस्ट चळवळ होती, गिरणगाव होता, तयार श्रोता होता. ‘माझी मैना गावाकडं राहिली’ ही अण्णाभाऊंची छक्कड विरहाच्या सुरात उघडते आणि शेवटाकडे राज्याबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाकडे वळते. हे वळण कळायला पूर्ण गाणं ऐकावं लागतं, आणि तेवढा धीर सभेला आलेल्या कामगारात होता. पथकाशिवाय एकट्यानं फिरणाऱ्या गायकाला हा आधार नसतो. त्याचं वर्ष एप्रिलच्या जयंतीपासून धम्मचक्र प्रवर्तनदिनाच्या आणि सहा डिसेंबरच्या गर्दीपर्यंत तुकड्यातुकड्यानं सरतं. मधला पावसाळा कोरडा.

आज डीजेच्या भिंतीपुढं कडवं ऐकू येत नाही, ध्रुवपद तेवढं उरतं. लिहिणारेही आता ध्रुवपदापुरतंच लिहू लागले आहेत. गौरव भरपूर, गोष्ट नाही. याच काळात गायिका कडुबाई खरात यांची एकतारी मोबाइलवरच्या चित्रफितींतून गावोगाव पोचली, ती सुटे, स्वच्छ शब्द ऐकायची भूक शिल्लक आहे म्हणून. शाहीर संभाजी भगत यांनी वेगळी वाट काढली. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकातून त्यांनी शाहिरी तिकीट काढून बसणाऱ्या प्रेक्षकापुढं आणली. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ची (२०१४) गाणीही त्यांचीच. वीरा साथीदार यांनी उभा केलेला त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे आधी घरी मुलांची शिकवणी घेतो, मग बसनं कार्यक्रमाला जातो आणि गाता गाता पकडला जातो. या पेशाचं इतकं कोरडं, खरं चित्र मराठी पडद्यावर दुसरं दिसत नाही.

पैशाचं काय? कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. पण तो मिळवायला नोंद लागते, संस्थेचं सदस्यत्व लागतं, गाणं आपलं असल्याचा कागद लागतो. पेटीवर ठेवलेल्या वहीतून गाणाऱ्यांकडे वही सोडून काही नसतं. कवीच्या हयातीनंतर साठ वर्षं हक्क टिकतो, म्हणजे दादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत शाबूत आहे. यूट्यूबवर त्यांची गाणी चढवणाऱ्यांनी निदान गीतकाराचं नाव लिहायला हरकत नसावी. चित्रफितीखाली जागा भरपूर असते, आणि तिथं ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा फोन नंबरसुद्धा मावतो.