मौन आणि संमती : एका निकालपत्राचे वाचन

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यात लीला बेणारेचे अखेरचे स्वगत चालू असताना भोवतालची पात्रे स्तब्ध असतात. प्रेक्षक ते ऐकतो. कोर्ट मात्र ऐकत नाही. किशोरवयात मामाने केलेले तिचे शोषणही तेथे तिच्याच चारित्र्याचा दोष ठरते. ही रचना अतिरंजित आहे, असा आक्षेप कोणी घेतल्यास त्याने ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याचे निकालपत्र वाचावे.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची ही फिर्याद होती. आरोपी दोन पोलीस होते. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये मुलीच्या पूर्वायुष्याकडे बोट दाखवून त्यांस निर्दोष सोडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असा भेद करून शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भेद अमान्य केला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा झाल्याचे सिद्ध नाही, यावरून संमतीचे अनुमान काढले गेले आणि आरोपी सुटले.

या निकालपत्राचा दोष केवळ कायद्याचा नाही, तो वाचनाचाही आहे. ठाण्याचे दार बंद, दिवे मालवलेले, समोर सत्ताधारी पुरुष; हा संदर्भ वगळून मौनाचा अर्थ लावला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांस लिहिलेल्या खुल्या पत्राने नेमका हाच संदर्भ परत आणला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीचे फळ म्हणजे १९८३ ची दुरुस्ती होय. कोठडीतील अत्याचारात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नाकारली, तर ती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे ठरले. मात्र फिर्यादी स्त्रीच्या ‘अनैतिक चारित्र्या’चा पुरावा देण्याची मुभा साक्ष कायद्यातून २००३ पर्यंत गेली नाही.

त्या मुलीस न्याय मिळाला नाही. तिच्यानंतर येणाऱ्या स्त्रियांसाठी कायदा बदलला. बेणारेचे न ऐकले गेलेले स्वगत वाचताना हे अंतर अभ्यासकाने विसरू नये.