पर्यटनक्षमता कोणाची? : मेळघाटाच्या निमित्ताने एका मूल्यमापनपद्धतीचा विचार

राखीव वनाची पर्यटनक्षमता अजमावताना पहिला प्रश्न 'किती?' हा असतो : किती वाहने, किती फेऱ्या, किती माणसे. हा प्रश्न अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. जुलै 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटन अंतरिम आदेशाने थांबविले, आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाल्यावर ती बंदी उठली. गाभाक्षेत्राच्या 20 टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये, ही मर्यादा या तत्त्वांनी घातली. वहनक्षमतेचे गणित मांडण्याची रीतीही सांगितली.

या गणिताचे मूळ रूप मिगेल सिफुएन्तेस यांनी 1992 मध्ये कोस्टा रिकातील संशोधनसंस्थेतून मांडले. त्याच्या पायऱ्या तीन. वाटेची लांबी, दोन वाहनांतील अंतर आणि दिवसातील फेऱ्या यांवरून भौतिक क्षमता निघते. पाऊस, धूप, वन्यप्राण्यांना होणारा उपद्रव इत्यादी घटकांनी ती कमी केली की वास्तविक क्षमता मिळते. व्यवस्थापनाचे मनुष्यबळ व साधने यांचा विचार केल्यावर परिणामी क्षमता उरते. पद्धती तर्कशुद्ध आहे. मात्र ती वरची मर्यादा सांगते. त्या मर्यादेच्या आत येणाऱ्याने काय पाहावे आणि काय जाणावे, हे ती सांगत नाही. दोष गणिताचा नव्हे, गणितालाच संपूर्ण मूल्यमापन समजण्याचा आहे.

मेळघाटाच्या बाबतीत ही उणीव स्पष्ट दिसते. अमरावती जिल्ह्यातील हे सातपुड्याचे सागवनी अरण्य 1973 मध्ये सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. येथे उतार तीव्र आहेत, दऱ्या खोल आहेत. ताडोब्याप्रमाणे वाघ सहज दृष्टीस पडत नाही. दर्शनाची शक्यता हाच निकष धरला, तर मेळघाट कनिष्ठ ठरतो. पण रानपिंगळ्याचे उदाहरण पाहावे. 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षे अभ्यासकांना न गवसलेला हा पक्षी 1997 मध्ये शहादा परिसरात पुन्हा आढळला, आणि पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. तो दिवसाही वावरतो. तरी त्याचा आवाज ओळखणारा सोबती नसेल, तर पाहुणा त्याच झाडाखालून निघून जाईल. आकर्षण वनात असते, पण त्याचे दर्शन जाणकाराच्या वाणीतून घडते.

म्हणून 'वनाची पर्यटनक्षमता' या शब्दप्रयोगातील षष्ठीचा विचार करणे अगत्याचे ठरते. ही षष्ठी क्षमतेचे स्वामित्व वनाकडे देते आणि वन दाखविणाऱ्या माणसाला वाक्याबाहेर ठेवते. 'मेळघाट' हे नावही घाटांचा मेळ सांगणारे, मराठी आहे. आत राहणाऱ्यांची भाषा कोरकू; ती मुंडा कुळातील. 2011 च्या जनगणनेत तिचे भाषक सात लाखांहून अधिक होते. ओढे, उतार, झाडे, पाखरे यांना या भाषेत दिलेली नावे म्हणजे त्या वनाचे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले वर्गीकरणच होय. गाभाक्षेत्रातील अनेक गावे गेल्या काही दशकांत बाहेर हलविली गेली. त्या स्थलांतराचे न्याय्यान्याय्य हा स्वतंत्र विषय आहे. परंतु गावाबरोबर नावेही निघून जातात, ही हानी वहनक्षमतेच्या कोणत्याही रकान्यात येत नाही.

मूल्यमापनाच्या लेखनात स्थानिकांचा उल्लेख बहुधा शेवटी, कर्मणी प्रयोगात येतो : त्यांना 'सहभागी करून घेतले जाईल'. करून घेणारा अनुक्त असतो. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आहे. कोरकूतही श्रोत्याला सामावणारे आणि वगळणारे 'आम्ही' वेगळे असते, शिवाय दोघांसाठी व अनेकांसाठी त्यांची रूपे निराळी. वनाविषयी बोलताना हे 'आपण' कोणाकोणाला सामावते, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. भाषा व जीवनपद्धती यांना निकष केले, की कोरकू माणूसच प्रदर्शनाची वस्तू होईल. संध्याकाळच्या करमणुकीतील नृत्य हीच त्याची ओळख उरेल. आक्षेप रास्त आहे. परंतु नाचणारा आणि वाट दाखविणारा यांत मूलभूत भेद आहे : पहिल्याकडे पाहिले जाते, दुसऱ्याचे ऐकले जाते. दुसऱ्याला त्याच्या ज्ञानाचे वेतन मिळावे, आणि काय सांगावे व काय सांगू नये हे त्यानेच ठरवावे, एवढी अट पाळली तरी हे भय पुष्कळसे निवारेल.

संख्येची मर्यादा आवश्यक आहे आणि ती शिथिल होता कामा नये. तथापि तिच्या जोडीला आणखी दोन प्रश्न प्रत्येक मूल्यमापनात विचारले गेले पाहिजेत : या वनाची नावे जाणणारी माणसे वनाजवळ राहिली आहेत काय? आणि पाहुण्याशी बोलण्याचा अधिकार त्यांना आहे काय? या दोहोंचे उत्तर नकारार्थी असेल, तर गणित कितीही अचूक असो, त्याने मोजलेली क्षमता रस्त्याची असेल, वनाची नव्हे.