सोन्याखालची माती

दिवाळीला सोने घेताना आपण वजन पाहतो, कस पाहतो, घडणावळीवरून सोनाराशी हुज्जतही घालतो. पण सोन्याच्या खाली काय आहे, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. दागिन्यात सोन्याखालीही सोनेच असते. चित्राच्या सोनेरी चौकटीची गोष्ट मात्र वेगळी. तेथले सोने फुंकरीसरशी उडून जाईल इतके पातळ, आणि त्याची सारी प्रतिष्ठा खालच्या मातीवर उभी! ही माती कशी सिद्ध करावी हे सांगणारे एक जुने इटालियन पुस्तक मी इंग्रजी भाषांतरातून वाचले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या नि शाळेत मुले शिकवणाऱ्या बाईने मुलाम्याच्या पुस्तकावर काय म्हणून लिहावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, हे पुस्तक वरवर मुलाम्याचे असले तरी आतून ते शिकण्याशिकवण्याचे आहे.

चेन्निनो चेन्निनी हा त्याचा कर्ता. सुमारे १४०० च्या आसपास त्याने हे लिहिले. आपण आन्योलो गाद्दी या चित्रकारापाशी १२ वर्षे शिकलो, आन्योलो आपल्या बापापाशी, ताद्देओपाशी शिकला, आणि ताद्देओ थोर जोत्तोपाशी २४ वर्षे होता, अशी गुरुपरंपरा तो आरंभीच सांगतो. आपल्याकडचा गवई घराणे सांगतो, त्यातलाच हा प्रकार. शिकायला किती काळ लागतो, याचा त्याचा हिशेब मोठा रोखठोक आहे. एक वर्ष नुसते रेखाटन. पुढे ६ वर्षे रंग वाटणे, सरस उकळणे, लेप देणे, सोने चढवणे. आणखी ६ वर्षे रंगकाम. एकूण १३ वर्षे, आणि त्यांत सणाच्या दिवशीही हात थांबवायचा नाही. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास न करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हे वाचून दाखवण्याचा मोह मी आवरला.

त्या काळी चौकट चित्राहून निराळी नसे. फळी आणि तिच्या कडा एकाच वेळी सोन्याने मढत. फळीवर आधी सरस, मग सरसात भिजवलेली तागाच्या कापडाची पट्टी, म्हणजे लाकूड तडकले तरी वर दिसू नये. त्यावर भाजलेल्या जिप्समचा जाडसर लेप. मग मऊ लेपाची पाळी. तेच जिप्सम भरपूर पाण्यात महिनाभर रोज ढवळीत राहायचे. तसे केले म्हणजे त्याचा घट्ट होण्याचा गुण मरतो आणि ते रेशमासारखे मऊ होते. याचे निदान ८ हात. ते तासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत केल्यावर अंड्याच्या पांढऱ्यात कालवलेली तांबडी चिकणमाती. एवढे झाल्यावर कोठे सोन्याला हात लावायचा. माती पाण्याने ओली करायची, त्या पाण्यावर पान अलगद सोडायचे, आणि ओल योग्य तेवढी उरली असताना दगडाने घोटायचे. या ओल्या कामामुळेच सोने झळकते. तेलावर चिकटवलेले सोने घोटता येत नाही, ते मंदच राहते.

आता या पुस्तकाच्या गुणाकडे येते. चेन्निनी एकाच माणसाशी बोलतो, समोर बसलेल्या शिष्याशी. तो 'करावे' म्हणत नाही, 'कर' म्हणतो. मापे देताना तो शरीराकडे वळतो. सरस झाला की नाही? दोन तळवे एकमेकांवर ठेवून पाहा. चिकटू लागले की झाला. घोटायचा दगड दमट आहे? छातीशी धरून ऊब दे. दगड कोणता? हेमॅटाइट चांगला, नीलम किंवा पाचू त्याहून चांगला. नसेल तर कुत्र्याचा, लांडग्याचा, मांजराचा, किंबहुना मांस खाणाऱ्या कोणत्याही जनावराचा दात चालेल. राजाचा पाचू आणि मांजराचा दात एका ओळीत बसवणारा हा लेखक मला फार आवडला. आणि नीट घोटलेले सोने आपल्याच तेजाने जवळजवळ काळे दिसू लागते, असे तो नोंदवतो तेव्हा वाटते, कवीलाही अशी ओळ सहज सुचायची नाही. त्याला ती केवळ पाहण्याने सुचली आहे.

सोन्याच्या बाबतीत तो कंजूष नाही. एका ड्यूकटच्या नाण्यातून, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम सोन्यातून, वर्ख ठोकणारे १४५ पाने काढीत. सपाट जागेसाठी १०० च काढलेली, जाड पाने घे, असा त्याचा आग्रह. मजुरी कमी मिळाली तरी माल उत्तम वापर. देव आणि देवमाता त्याची भरपाई करतील, असेही तो म्हणतो. हे वाक्य मला सुखासुखी पचले नाही. कमी पगारावर उत्तम काम करण्याचा उपदेश शिक्षकांनी फार ऐकला आहे. परंतु चेन्निनी हे मालकाच्या बाजूने बोलत नाही, कामाच्या बाजूने बोलतो. हा फरक मान्य केला पाहिजे.

दोष सांगायचे तर दोन. पहिला दोष पुस्तक या वस्तूचाच आहे. घोटण्याची नेमकी घटका कोणती, हे तो सांगू शकत नाही. उन्हाळ्यात घाई कर, हिवाळ्यात सवड मिळेल, कोपऱ्यात थोडे घोटून पाहा, एवढेच सांगतो. ती घटका गुरूच्या शेजारी उभे राहूनच कळते. दुसरा दोष त्याचा स्वतःचा. बायकांच्या संगतीत फार राहिल्याने हात वाऱ्यावरच्या पानासारखा कापतो, असे तो शिष्याला बजावतो. काळाने याचे उत्तर मोठे गमतीदार दिले. इंग्रजीत हे पुस्तक प्रथम आणले ते १८४४ मध्ये मेरी मेरिफील्ड या बाईने, आणि १८९९ मध्ये पुन्हा भाषांतर केले ते क्रिस्टियाना हेरिंगहॅम या बाईनेच. हेरिंगहॅमबाई त्यातल्या कृती स्वतः करून पाहणाऱ्या. पुढे १९०९ ते १९११ च्या दरम्यान, त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या अजिंठ्याला येऊन त्यांनी लेण्यांतील चित्रांच्या नकला केल्या; नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे तरुण त्यांच्या मदतीला होते. त्या नकला १९१५ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाल्या. त्यांचा हात कापला असे कुणी म्हटलेले नाही!

सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने चेन्निनीला दोन वाक्यांत निकालात काढले. त्याला जी मोठी गुपिते वाटत होती ती आता सर्वांना ठाऊक आहेत, सबब त्यांविषयी बोलायला नको, असा त्याचा अभिप्राय. वासारीचे म्हणणे त्याच्या दिवसापुरते खरे होते. टीकाकाराची खरी चूक येथेच होते: जे आज सर्वांना येते ते लिहून ठेवण्याजोगे नाही, असे तो समजतो. सर्वांना येणारी गोष्टच सर्वांच्या नकळत जाते, कारण ती सांभाळण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. आपल्या आजीला जात्याला टाकी लावायची वेळ घरघरीवरून कळे. ते कुणी लिहिले? चेन्निनीने लिहिले, म्हणून आज जुनी चौकट दुरुस्त करणाऱ्याला आणि मुलामा शिकू पाहणाऱ्याला हे पुस्तक हाताशी लागते.

म्हणून माझे मत असे: या पुस्तकाने कुणी मुलामा देणारा होणार नाही, पण ज्याला व्हायचे आहे त्याला यावाचून आपण काय शिकत आहोत हे उमगणार नाही. आठ हातांचा लेप सोन्याखाली गाडला जातो. तो कुणाला दिसत नाही, तरी त्यातला एकेक खडबडीत कण सोने उघडा पाडते. आणि जुन्या चौकटीच्या कडा कित्येक वर्षांच्या पुसण्याने झिजल्या म्हणजे सोन्यातून ती तांबडी माती डोकावू लागते. जाणकार तिला डाग म्हणत नाहीत.