पेटी उत्तीर्ण, विमानाचे काय?

विमानात मोबाइल बंद का करायचा, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. खुद्द विमानातल्या उपकरणांतून निसटणाऱ्या रेडिओ लहरींचे काय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

३०० किलोहर्ट्झने उघडझाप करणारा वीजपुरवठा तेवढ्यावर थांबत नाही. झटक्याने बदलणाऱ्या प्रवाहात त्या वारंवारितेच्या पटीही असतात. चारशेवी पट १२० मेगाहर्ट्झ, म्हणजे नेमकी वैमानिकांच्या संभाषणाच्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात. हे संभाषण एएम पद्धतीचे असल्याने खरखर थेट कानी पडते. (मीडियम वेव्हवर लावलेला ट्रान्झिस्टर स्वस्त एलईडी दिव्याजवळ नेऊन पाहावा.) जीपीएसचा संदेश तर वॅटच्या एक कोटीव्या भागाच्या अब्जाव्या भागाइतका क्षीण, त्याला बुडवायला फारसे काही लागत नाही.

यावर अंकुश म्हणून अमेरिकेतील आरटीसीए या संस्थेचे डीओ-१६० हे मानक आहे. २०१० च्या 'जी' आवृत्तीच्या एकविसाव्या विभागानुसार उपकरण कवचबंद खोलीत ठेवून, एक मीटरवरच्या अँटेनाने १०० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झपर्यंतचे उत्सर्जन मोजतात. उपकरण विमानाच्या अँटेनाच्या थेट समोर येणार असेल तर मर्यादा अधिक कडक. ही विभागणी शहाणपणाची आहे.

आमचा आक्षेप मोजणीवर नाही, 'उत्तीर्ण' या शब्दाच्या अर्थावर आहे. परीक्षा होते एकेका पेटीची. एकेक मूल शांत बसते म्हणून वर्ग शांत असेल, असे कोणता शिक्षक म्हणेल? परस्परांशी संबंध नसलेले दहा सारखे उगम एकत्र आले की शक्ती दहापट होते, क्षेत्रतीव्रता सुमारे तिप्पट. लहान विमानात अँटेना उपकरणांपासून कधीकधी एखाद-दोन मीटरवरच असतो, आणि सांगाडा फायबरग्लासचा असेल तर मध्ये आडोसाही नाही.

त्यात जोडणीची भर. प्रयोगशाळेत केबलचे जाळीदार कवच सगळ्या बाजूंनी धातूला नीट टेकवलेले असते. विमानात तेच पाच सेंटिमीटरच्या तारेने जोडले, तर मल्टिमीटर शून्य ओहम दाखवतो आणि सगळे समाधानी होतात. १०० मेगाहर्ट्झला मात्र त्या तारेचा प्रेरकीय अवरोध सुमारे ३० ओहम असतो, आणि कवचच अँटेना बनते. म्हणून सारी उपकरणे जागेवर बसवल्यानंतर, एकेक चालू करीत, विमानाच्याच रेडिओवर ऐकून केलेली तपासणी आम्ही प्रमाणपत्रापेक्षा वरची मानतो.