सस्पेंडनंतर डिस्प्ले मोड ‘पूर्ववत’ करणे : लिनक्स कर्नलच्या तीन उत्तरांची चिकित्सा

लॅपटॉपचे झाकण उघडले, पंखा फिरू लागला, कीबोर्डचा दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला, हा अनुभव लिनक्स वापरणाऱ्या अनेकांना आलेला असतो. यंत्र जागे असते, फक्त दिसत नाही. अशा वेळी बहुतेक जण पॉवरचे बटण दाबून धरतात आणि जतन न केलेले काम गमावतात. या अडचणीला लिनक्स कर्नलने आजवर तीन प्रकारे उत्तर दिले. प्रस्तुत टिपणात ती उत्तरे पाहू आणि तिसरे उत्तर कुठे अपुरे पडते तेही तपासू.

१. नेमके काय हरवते?

एस-३ प्रकारच्या सस्पेंडमध्ये रॅमला वीज मिळत राहते. ग्राफिक्स चिपची वीज मात्र सहसा तोडली जाते आणि तिच्या रजिस्टरांतील मूल्ये नाहीशी होतात. १९२०×१०८०, ६० हर्ट्झ हा नेहमीचा मोड घ्या. न दिसणारा रिकामा भाग धरून त्याची प्रत्येक फ्रेम २२००×११२५ पिक्सेलची असते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ. हे क्लॉक, कोणता कनेक्टर वापरायचा, रॅममधील कोणता फ्रेमबफर दाखवायचा, या साऱ्या गोष्टी योग्य क्रमाने पुन्हा ठरवाव्या लागतात.

२. पहिले उत्तर : यूजरस्पेसवर भिस्त

पूर्वी मोड ठरवण्याचे काम एक्स सर्व्हर करत असे, तोही थेट हार्डवेअरच्या रजिस्टरांत लिहून. पडद्यावर काय चालू आहे हे कर्नलला ठाऊकच नसे. म्हणून सस्पेंडपूर्वी कर्नल टेक्स्ट कन्सोलवर जाई आणि जागे झाल्यावर परत एक्सकडे येई. चिप मुळातून सुरू करण्यासाठी काही यंत्रांवर व्हिडिओ बायोस पुन्हा चालवावा लागे. कर्नलच्या दस्तऐवजांत कोणत्या लॅपटॉपला कोणती युक्ती लागू पडते याचा चक्क एक तक्ता होता. मॉडेलगणिक वेगळी युक्ती लागते, याचा अर्थ रचनेतच दोष आहे. ज्याला जागे करायचे त्या कर्नलकडे माहिती नव्हती, आणि ज्याच्याकडे माहिती होती तो एक्स सर्व्हर स्वतःच झोपलेला असे.

३. दुसरे उत्तर : मोडची मालकी कर्नलकडे

मार्च २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीत कर्नल मोडसेटिंग आले, प्रथम इंटेलच्या चिपसाठी. आता चालू मोडची नोंद कर्नलच्या रॅममध्ये राहू लागली. रिझ्युमच्या वेळी जुना हेल्पर प्रत्येक चालू डिस्प्लेचा नोंदलेला मोड पुन्हा बसवतो. त्याच्या कोडमधील एका टिपेचा आशय असा, की जुनी रचना परत आणणे कधीच फसू नये. फसलेच, तर लॉगमध्ये एक ओळ लिहून हेल्पर पुढे जातो. ती टीप म्हणजे एक अपेक्षा आहे. अपेक्षाभंग झाल्यावर काय करायचे, याची तरतूद तिथे नाही.

४. तिसरे उत्तर : अ‍ॅटॉमिक पद्धत

अ‍ॅटॉमिक मोडसेटिंगमध्ये सर्व डिस्प्लेंची मिळून एकच ‘स्टेट’ असते. सस्पेंड होताना हेल्पर तिची प्रत काढतो आणि सर्व डिस्प्ले बंद करतो. रिझ्युममध्ये तीच प्रत तपासून एकत्र लागू केली जाते. येथे रजिस्टरांतील आकडे जपलेले नसतात, पडद्यावर काय दिसायला हवे याचे वर्णन जपलेले असते. त्यावरून योग्य आकडे ड्रायव्हर नव्याने काढतो. हा बदल खरोखर मोलाचा आहे. पहिल्या पद्धतीतील युक्त्यांचा तक्ता मात्र कर्नल मोडसेटिंगमुळे आधीच मागे पडू लागला होता.

५. तरीही आक्षेप

पहिला आक्षेप गृहीतकावर आहे. यंत्र झोपले असताना बाहेरचे जग बदलू शकते. समजा, ३८४०×२१६०, ६० हर्ट्झचा मॉनिटर डिस्प्लेपोर्टच्या चार लेनवर चालू होता. पिक्सेल क्लॉक ५९४ मेगाहर्ट्झ आणि पिक्सेलमागे २४ बिट धरल्यास सेकंदाला सुमारे १४.३ गिगाबिट लागतात. ५.४ गिगाबिटच्या चार लेन प्रत्यक्षात १७.२८ गिगाबिट वाहतात, म्हणून काम भागते. आता झोपेतच तो मॉनिटर दोन लेन देणाऱ्या टाइप-सी डॉकला जोडला, तर क्षमता ८.६४ गिगाबिटवर येते. नोंदलेला मोड बरोबर आहे, पण आता अशक्य आहे. लिंक जुळली नाही की ड्रायव्हर कनेक्टरवर तशी खूण करून यूजरस्पेसला कळवू शकतो. पुढचा निर्णय डेस्कटॉपने घ्यायचा. धोरण यूजरस्पेसकडे असावे, या तत्त्वाला हे धरूनच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अ‍ॅटॉमिक पद्धतीचा नियम ‘सगळे किंवा काहीच नाही’ असा आहे. एरवी तो गुण ठरतो, कारण अर्धवट बदल पडद्यावर दिसत नाहीत. रिझ्युममध्ये मात्र तपासणीत एक भाग नापास झाला, तर लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही काळा राहू शकतो. सामान्य हेल्पर त्रुटी लॉगमध्ये लिहितो, ती वर कळवतो आणि जपलेली प्रत सोडून देतो. काळ्या पडद्यावर तो लॉग वाचणार कोण?

कर्नलच्या लेखकांना ही अडचण माहीत आहे. एखादा कनेक्टर झोपेतच नाहीसा झाला, तर एरवी तपासणी त्याला नाकारते. स्टेट ही काढलेली प्रत असेल, तर मात्र त्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केले जाते, कारण संपूर्ण रिझ्युम फसण्यापेक्षा ते बरे. हा अपवाद योग्य आहे, पण तो एकाच प्रसंगापुरता आहे. सर्वसाधारण तरतूद अशी हवी, की पूर्ण स्टेट नाकारली गेली तर निदान अंगचा पडदा त्याच्या मूळ मोडमध्ये चालू करावा आणि बाकीचे यूजरस्पेसवर सोपवावे. यामुळे धोरण कर्नलमध्ये शिरते, असा प्रतिवाद होईल. परंतु वापरकर्त्याला काहीच न दाखवणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची किंमत न जतन केलेल्या कामाने मोजली जाते.

विचारासाठी प्रश्न

१. रजिस्टरांची प्रत आणि स्टेटची प्रत यांत फरक काय? वेगळ्या मॉनिटरपुढे कोणती टिकेल, आणि का?
२. ‘सगळे किंवा काहीच नाही’ हा नियम डेटाबेसच्या व्यवहारांतही असतो. तेथे व्यवहार फसल्यावर आधीची स्थिती उरते. रिझ्युममध्ये ‘आधीची स्थिती’ कोणती?